लॉर्ड सॉल्स्बरी आणि पात्रतेची परीक्षा

थोर घराण्यात जन्मलेला मनुष्य राज्यकारभारास जन्मतःच लायक असतो, ही समजूत फार जुनी असून ती वेळोवेळी नवी वस्त्रे नेसून पुढे येत असते. अशा पुरुषाचे घर भरलेले असल्यामुळे तो लाचेस हात लावीत नाही. त्यास मतांची भीक मागावी लागत नसल्यामुळे तो खरे बोलू शकतो. आणि पिढ्यान्‌पिढ्या घरात राज्यकारभाराचीच चर्चा चालत असल्यामुळे इतरांस जे शिकावे लागते ते त्यास बाळकडूबरोबरच मिळते, असे हे मत आहे. ते प्रतिपादन करणाऱ्यांस प्रमाण म्हणून एखादे नाव हवे असले की ते इंग्लंडचे तिसरे मार्क्विस ऑफ सॉल्स्बरी यांचे नाव घेतात. तीन वेळा मुख्य प्रधान, मिळून पावणेचौदा वर्षांच्या आसपास सत्ता, निष्कलंक खाजगी आयुष्य, अगाध वाचन आणि लोकप्रियतेविषयी पराकाष्ठेची बेपर्वाई! गेल्या काही दशकांत त्यांच्या थोरवीचा डंका पुन्हा एकदा वाजू लागला आहे. आमच्यातील कित्येक सुशिक्षित गृहस्थही हा डंका ऐकून माना डोलावताना दिसतात. म्हणून या प्रकरणाची एकदा नीट छाननी करावी, असे आम्हांस वाटले.

प्रारंभीच सांगून ठेवतो, की सॉल्स्बरींच्या अंगच्या गुणांविषयी आमचा वाद नाही. ते गुण आम्ही पुढे स्वतःच सांगणार आहो. आमचा वाद आहे तो या गुणांवरून जो सिद्धांत काढण्यात येतो त्याच्याशी.

सेसिल घराण्याचा उत्कर्ष झाला तो एलिझाबेथ राणीच्या काळी. विल्यम सेसिल, म्हणजेच लॉर्ड बर्ली, हा राणीचा प्रमुख मंत्री. आणि त्याचा धाकटा मुलगा रॉबर्ट हा राणीचा व तिच्यामागून पहिल्या जेम्सचा मंत्री. जेम्स राजास रॉबर्टचा थिओबाल्ड्‌सचा वाडा आवडला, तेव्हा १६०७ साली राजाने तो घेऊन त्यास हॅटफील्डची मालमत्ता दिली, आणि तेथे १६११ च्या सुमारास जो भव्य वाडा उभा राहिला तो आजही सॉल्स्बरी घराण्याकडेच आहे. यानंतर जवळजवळ दोन शतके या घराण्यात नाव घेण्याजोगा मुत्सद्दी निपजला नाही, हेही येथेच नमूद केले पाहिजे. राज्यकारभाराचे बाळकडू जर रक्तातूनच मिळत असेल, तर मधल्या पिढ्यांच्या वाट्याचे ते कोठे सांडले, याचा खुलासा वंशवाद्यांनी करावयास हवा. बाळकडू आटले तरी जमीन मात्र आटली नाही. उलट सॉल्स्बरींच्या मातोश्री या गॅस्कॉइन घराण्याच्या वारस असल्याने त्यांच्याबरोबर मोठी संपत्ती घरात आली आणि आडनावही गॅस्कॉइन-सेसिल असे जोडले गेले. सॉल्स्बरींच्या हाती पुढे सुमारे वीस हजार एकर जमीन होती.

रॉबर्ट सेसिल यांचा जन्म ३ फेब्रुवारी १८३० रोजी हॅटफील्ड येथे झाला. नऊ वर्षांचे असता आई वारली. ईटनच्या शाळेत इतर मुलांनी त्यांचा इतका छळ केला, की पंधराव्या वर्षी त्यांस तेथून काढून घरी शिक्षक ठेवावा लागला. पुढे ऑक्सफर्ड येथे ख्राइस्ट चर्च कॉलेजात त्यांचा प्रवेश झाला. परंतु प्रकृती ढासळल्यामुळे रीतसर परीक्षा होऊ शकली नाही, आणि उमरावपुत्रांस असलेल्या सवलतीच्या आधारे त्यांस गणितातील चौथ्या वर्गाची मानाची पदवी देण्यात आली. आजारी विद्यार्थ्यास सवलत मिळाली याबद्दल आम्हांस वैषम्य वाटत नाही. वाचकांनी ही गोष्ट तेवढी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

१८५३ साली ते स्टॅम्फर्डतर्फे कॉमन्स सभेत आले. हा मतदारसंघ त्यांच्याच भाऊबंदांपैकी मार्क्विस ऑफ एक्झिटर यांच्या मुठीतला. १८६८ साली वडिलांच्या मृत्यूमुळे उमरावसभेत जाईपर्यंत ते तेथूनच निवडून येत राहिले, आणि एवढ्या काळात त्यांच्याविरुद्ध एकदाही कोणी उभे राहिले नाही. ज्या पुरुषाने पुढे तीन वेळा ग्रेट ब्रिटनचे प्रधानपद भूषविले, त्याने जन्मात एकही निवडणूक लढविली नाही. मतांची भीक मागावी लागत नाही म्हणून उमराव निर्भय असतो, असे म्हणणाऱ्यांनी या निर्भयतेची किंमत कोण देत होते, हेही पाहावे. ती स्टॅम्फर्डचे मतदार देत होते.

आता त्यांचे गुण. १८५७ साली त्यांनी न्यायाधीश ऑल्डरसन यांच्या कन्येशी, वडिलांचा विरोध पत्करून, विवाह केला. घरून मिळणारा पैसा अपुरा पडू लागला तेव्हा ते 'सॅटर्डे रिव्ह्यू' व 'क्वार्टर्ली रिव्ह्यू' यांत लेख लिहून संसार चालवू लागले. उमरावाच्या मुलाने लेखणीच्या मजुरीवर घर चालवावे, ही गोष्ट खरोखर आदरणीय आहे. १८६७ साली आपल्याच पक्षाच्या मंत्रिमंडळाने मताधिकार वाढविण्याचे बिल आणले, तेव्हा ते तत्त्वास सोडून आहे असे वाटून त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. खुर्चीस चिकटून बसणाऱ्यांच्या मालिकेत हा पुरुष बसत नाही. पण ते तत्त्व कोणते? सहभांडवलाच्या कंपनीत ज्याचे भाग जास्त त्याची मते जास्त. मग राज्य ही एवढी मोठी कंपनी असता तेथेच मजूर आणि धनिक यांचे मत सारखे का, असा प्रश्न त्यांनी आपल्या लेखांतून केला होता. ज्याच्या नावे आधीच वीस हजार एकरांचे भाग लिहिले जावयाचे होते, त्यास हे गणित सोपे वाटावे यात नवल नाही. परंतु कंपनीतला भागीदार फार तर आपला पैसा गमावतो. राज्यातला मनुष्य प्राणही गमावू शकतो. एकरांवर मते मोजणाऱ्या या हिशेबात प्राणाची रकमच धरलेली नव्हती.

ती रकम किती मोठी असते हे त्यांस लौकरच कळले. जुलै १८६६ मध्ये वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ते भारतमंत्री झाले. त्या वेळी ओरिसात भयंकर दुष्काळ चालू होता. नव्या मंत्र्यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या आश्वासनांवर विसंबून सुमारे दोन महिने काहीही केले नाही; आणि पुढे जाग आली तेव्हा पावसाळ्याने ओरिसाची बंदरे बंद होऊन धान्य पोचविण्याचा मार्ग उरला नव्हता. सुमारे दहा लक्ष माणसे मेली. या दोषातून आपण मुक्त आहो असे आपणांस कधीच वाटले नाही, अशी कबुली सॉल्स्बरींनी मागाहून स्वतः दिली आहे. ही कबुली त्यांच्या प्रामाणिकपणास शोभण्यासारखीच आहे, आणि ती वाचताना आमचेही मन द्रवते. पण राजकारणात पश्चात्तापाची कसोटी एकच: पुढे त्या मनुष्याने ज्यांचा अपराध केला त्यांच्या हाती स्वसंरक्षणाचे काही साधन दिले काय? ओरिसात माणसे मेली ती राज्यकर्ते क्रूर होते म्हणून नव्हे. ज्यांना भुकेची बातमी ठाऊक होती त्यांना हुकूम काढण्याचा अधिकार नव्हता आणि ज्यांना अधिकार होता त्यांना बातमी नव्हती, म्हणून मेली. यावर उपाय उघड होता. देशातील माणसे देशाच्या कारभारात घ्यावयाची.

१८७४ साली सॉल्स्बरी पुन्हा भारतमंत्री झाले. त्यांनी काय केले?

सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा लंडनास होत असे. १८६९ साली सुरेंद्रनाथ बॅनर्जी, रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त आणि आमच्या मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर असे चार हिंदी तरुण ती एकाच वर्षी उत्तीर्ण झाले. त्यांपैकी बॅनर्जी व ठाकूर यांची नावे वयाच्या हिशेबाचा खल काढून गाळण्यात आली, आणि दाद मागितल्यावरच ती पुन्हा दाखल झाली. म्हणजे हिंदी तरुणांस ही परीक्षा झेपते, हे सिद्ध झालेले होते. असे असता १८७६ साली सॉल्स्बरींनी या परीक्षेची वयोमर्यादा एकविसावरून एकोणिसावर आणण्याचा निर्णय केला. तरुण वयात निवड करून मग उमेदवारांस विद्यापीठात शिकवावे, असा त्यामागे हेतू सांगण्यात आला. हेतू कोणताही असो, कलकत्त्याच्या किंवा पुण्याच्या मुलाने सतराव्या-अठराव्या वर्षी समुद्र ओलांडून, परक्या भाषेत, ग्रीक-लॅटिनवर पोसलेल्या मुलांशी सामना द्यावयाचा, असा त्याचा अर्थ झाला. हा आमच्याच मनाचा संशय आहे, असे कोणी म्हणू नये. खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी १८७८ सालच्या आपल्या गुप्त टिपणात विलायतेतील परीक्षा व ही नवी वयोमर्यादा यांचा उल्लेख करून, हिंदी लोकांस दिलेली कायदेशीर वचने निष्फळ करण्याच्या या बुद्धिपुरस्सर व उघड्या युक्त्याच नव्हेत काय, असा सवाल केला होता. सुरेंद्रनाथांनी १८७७ पासून या निर्णयाविरुद्ध देशभर जी चळवळ केली, तिच्यातूनच बंगाली, पंजाबी आणि महाराष्ट्रीय सुशिक्षित प्रथम एका प्रश्नावर एकवटले.

आणि वचनांचे काय? १८८३ साली उमरावसभेत लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी पार्लमेंटच्या व राणीच्या वचनांची आठवण करून दिली, तेव्हा सॉल्स्बरींनी त्या साऱ्यास राजकीय ढोंग म्हटले. लोक त्यांच्या स्पष्टवक्तेपणाची तारीफ करितात. पण ज्याच्यावर कर्ज आहे त्याने ऋणकोपत्रास ढोंग म्हणणे, यास व्यवहारात स्पष्टवक्तेपणा म्हणत नसतात.

याच कारकीर्दीतील आणखी एक टिपण दादाभाई नौरोजींनी आपल्या ग्रंथामुळे प्रसिद्ध केले. १८७५ साली सॉल्स्बरींनी असे लिहिले, की हिंदुस्थानचे रक्त काढावयाचेच असेल तर नस्तर रक्त साचलेल्या ठिकाणी लावावे. आधीच अशक्त झालेल्या अवयवास लावू नये. न्याय करावयाचा म्हणून आम्ही सांगतो, की या टिपणाचा रोख शेतकऱ्यावरील सारा हलका करावा असाच होता. हिंदुस्थानच्या वसुलाचा मोठा भाग मोबदल्यावाचून देशाबाहेर जातो, ही गोष्टही त्यांनी त्यातच कबूल केली आहे. रोगाचे निदान इतके अचूक करणारा वैद्य विरळा! परंतु निदान झाल्यावर नस्तर खाली ठेवावे, हे मात्र त्यास सुचले नाही. ज्या मे महिन्यात सुप्यास दख्खनच्या शेतकऱ्यांनी सावकारांची दप्तरे जाळली, त्याच्या थोडेच दिवस आधीचे हे टिपण आहे. पुढे १८७६ ते १८७८ या वर्षांत दक्षिणेत महादुष्काळ पडला, दुष्काळी कामावरील मजुराच्या रोजच्या धान्याचा हिशेब पौंडावर आणण्यात आला, आणि पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची हकीकत गोळा करून सरकारास कळवीत राहिली. त्या वेळी भारतमंत्र्याच्या खुर्चीवर ओरिसाची आठवण मनात बाळगणारे सॉल्स्बरीच होते.

वंशपरंपरागत हक्काविषयी त्यांस खरोखर किती आदर होता, हे बडोद्याच्या प्रकरणावरून दिसते. मल्हारराव गायकवाड यांच्यावर रेसिडेंटास विष घालविल्याचा आरोप आला. चौकशी मंडळातील तीन युरोपीय एका बाजूस आणि तीन हिंदी सभासद दुसऱ्या बाजूस पडले. तेव्हा तो आरोप बाजूस ठेवून गैरकारभाराच्या कारणावरून एप्रिल १८७५ मध्ये महाराजांस पदच्युत करण्यात आले. मल्हाररावांच्या कारभाराची तरफदारी आम्ही करीत नाही. आम्ही एवढेच म्हणतो, की गायकवाडांच्या वंशास योग्यतेची कसोटी लावावयाची आणि सेसिलांच्या वंशास लावावयाची नाही, हा न्याय कोणता? शिवाय मल्हाररावांच्या जागी आणलेला मुलगा कोण होता? नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी शेतीवर राहणाऱ्या, घराण्याच्या दूरच्या शाखेतील बारा वर्षांचा गोपाळराव. त्यास शिकविण्यात आले, आणि तोच पुढे सयाजीराव महाराज म्हणून सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रवर्तक झाला. शिक्षण दिले असता खेड्यातील मूल काय होऊ शकते, याचा दाखला सॉल्स्बरींच्याच अमदानीत निर्माण झाला होता. त्यांनी तो वाचला नाही.

आता हॅटफील्डकडे वळू. सॉल्स्बरींची बहीण ब्लांच हिचा मुलगा आर्थर बाल्फोर. १८७४ साली हॅटफील्डजवळच्या हर्टफर्डच्या जागेवर मामांच्या आधाराने तो बिनविरोध कॉमन्स सभेत आला. १८७८ च्या बर्लिन परिषदेस मामांचा चिटणीस म्हणून गेला. मामा मुख्य प्रधान झाले त्या १८८५ साली त्यास मंत्रिपद मिळाले. १८८६ साली स्कॉटलंडचा कारभार. १८८७ साली आयर्लंडचा. १८९१ साली कॉमन्स सभेचे पुढारीपण. त्याचा धाकटा भाऊ जेराल्ड १८९५ साली आयर्लंडचा मंत्री झाला. १९०० साली मंत्रिमंडळाची फेररचना झाली तेव्हा जेराल्डकडे व्यापारखाते, जावई लॉर्ड सेल्बोर्न यांच्याकडे आरमार, आणि थोरले चिरंजीव लॉर्ड क्रॅन्बोर्न परराष्ट्रखात्यात दुय्यम मंत्री. लंडनास स्ट्रँडवर 'हॉटेल सेसिल' नावाचे एक अवाढव्य हॉटेल नुकतेच निघाले होते. लोक मंत्रिमंडळासच त्या नावाने संबोधू लागले. शेवटी जुलै १९०२ मध्ये मामांनी प्रधानपद सोडले आणि दुसऱ्याच दिवशी भाचे प्रधान झाले. यांपैकी कोणत्याही पदासाठी कोणाची वयोमर्यादा विचारल्याचे किंवा कोणास परीक्षेस बसविल्याचे इतिहासात नमूद नाही.

यावर आक्षेपक म्हणतील, की ही माणसे खरोखरच कर्तबगार होती. काही होती, हे आम्हांस मान्य आहे. बाल्फोर हा तीक्ष्ण बुद्धीचा पुरुष होता. सॉल्स्बरींचे तिसरे चिरंजीव लॉर्ड रॉबर्ट सेसिल यांनी राष्ट्रसंघाच्या उभारणीसाठी जे श्रम केले, त्यांबद्दल त्यांस १९३७ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि ते योग्यच होते. पण हे चिरंजीव प्रथम मंत्रिपदावर आले १९१५ साली, वडील वारल्यावर बारा वर्षांनी. म्हणजे घरातील सर्वांत उदात्त कीर्ती जी मिळाली, ती वडिलांच्या कृपेने मिळालेली नव्हती. उलट कृपेने चढलेल्या बाल्फोरच्या पक्षाचा १९०६ साली असा धुव्वा उडाला, की पक्षनायकास मँचेस्टरची स्वतःची जागाही राखता आली नाही. तरी हा मुद्दा आम्ही ताणीत नाही. आमचा खरा मुद्दा निराळा आहे. दार उघडे असते तर आत आलेले कदाचित हेच असते. पण दार बंद असल्यामुळे बाहेर कोण राहिले, हे मात्र कायमचे अज्ञात राहिले. १८७८ नंतरच्या वर्षांत एकोणिसाव्या वर्षापूर्वी विलायत गाठू न शकलेल्या ज्या मुलांनी ती परीक्षा दिलीच नाही, त्यांची नावे कोणत्या चरित्रग्रंथात शोधावयाची?

अशा बाहेर ठेवलेल्यांपैकी एकाचे नाव मात्र इतिहासास ठाऊक आहे. १८८६ च्या मे महिन्यात आयरिश स्वराज्याविरुद्ध बोलताना सॉल्स्बरींनी असे प्रतिपादन केले होते, की बहुमताचे राज्य ट्युटॉनिक वंशाच्या लोकांसच मानवते. आफ्रिकेतील हॉटेंटॉटांच्या हाती ते देता येत नाही, आणि हिंदुस्थानातील लोकांच्याही देता येत नाही. त्याच वर्षी दादाभाई होबर्नमधून पार्लमेंटसाठी उभे राहून पराभूत झाले. त्या पराभवाचा उल्लेख करून ३० नोव्हेंबर १८८८ रोजी एडिंबरो येथील सभेत मुख्य प्रधान म्हणाले, की मानवजातीने पूर्वग्रह कितीही टाकले असले, तरी इंग्रज मतदारसंघ एखाद्या काळ्या माणसास निवडील इतकी मजल अद्याप गेली आहे, असे आपणांस वाटत नाही.

आता मघाची ती गणिताची पदवी वाचकांनी आठवावी. हे उद्गार काढणारा पुरुष उमरावीच्या सवलतीने गणिताच्या चौथ्या वर्गात बसलेला. आणि ज्याच्याविषयी ते काढले, तो मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचा अध्यापक होऊन गेलेला, त्या जागेवर नेमला गेलेला पहिला हिंदी मनुष्य! एकाने जन्मात निवडणूक लढविली नाही; दुसरा साठी उलटल्यावर परक्या देशात दारोदार हिंडून मते मागत होता. पात्रता म्हणजे काय, याचा निर्णय या दोघांपैकी पहिल्याने दुसऱ्याविषयी द्यावयाचा, यालाच वंशपरंपरागत शहाणपणाचे राज्य म्हणतात. १८९२ च्या जुलैत सेंट्रल फिन्सबरीच्या मतदारांनी हाताच्या बोटांवर मोजावी इतक्या मताधिक्याने दादाभाईंस पार्लमेंटमध्ये पाठविले, आणि ऑगस्टमध्ये सॉल्स्बरींचे मंत्रिमंडळ गेले. पुढे १८९५ साली तर खुद्द सॉल्स्बरींच्याच पक्षातर्फे मुंबईचे मंचरजी भावनगरी बेथनल ग्रीनमधून निवडून आले. लंडनच्या सामान्य मतदारांची मजल प्रधानांच्या अंदाजापेक्षा बरीच पुढे गेलेली होती.

सॉल्स्बरींच्या खात्यात जमेच्या बाजू आहेत. मजुरांच्या घरांच्या दुर्दशेविषयी १८८३ साली त्यांनी लिहिलेला लेख, १८८८ चा कौंटी कौन्सिलांचा कायदा, १८९१ साली इंग्लंडातील मुलांस मोफत झालेले प्राथमिक शिक्षण, या गोष्टी त्यांच्या नावे मांडल्याच पाहिजेत. पण त्यातही एक बोध आहे. इंग्लंडच्या मजुरास १८६७ साली व पुढे १८८४ साली मत मिळाले. त्यांतील पहिल्या कायद्यापायी तर सॉल्स्बरींनी मंत्रिपद टाकले होते. ते मत मिळाल्यावर मजुराचे घर आणि त्याच्या मुलाची शाळा या विषयांकडे हॅटफील्डचे लक्ष गेले. ओरिसाच्या शेतकऱ्यास मत नव्हते. त्याच्या वाट्यास आला तो पश्चात्ताप. उमरावाच्या अंतःकरणातील दया आणि मतदाराच्या हातातील मत, यांपैकी कोणते अधिक भरवशाचे, याचा निकाल एकाच मनुष्याच्या चरित्रात इतका स्पष्ट लागलेला क्वचितच आढळेल.

आमचे वाचक बहुतेक असे आहेत, की ज्यांच्या घरी परीक्षेचे दिवस आले म्हणजे साऱ्या कुटुंबाचा श्वास रोखलेला असतो. मुलाच्या उशाशी दिवा जळतो, आई पहाटे उठून चहा ठेविते, आणि एका गुणासाठी घरात आठ दिवस सुतक पाळले जाते. अशा घरांतील माणसांनीच बैठकीत बसून अमुक घराणे पिढीजात म्हणून त्यांच्या मुलाने गादीवर बसणे योग्यच, असे बोलावे, यासारखे आश्चर्य दुसरे नाही. आपल्या मुलास जी कसोटी आपण विनातक्रार लावून घेतो, ती सत्ताधाऱ्यांच्या मुलास लावा असे म्हणण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे. किंबहुना तसे न म्हणणे हा आपल्या मुलांवर अन्याय आहे. लॉर्ड सॉल्स्बरी हे विद्वान होते, प्रामाणिक होते, निर्लोभ होते. एवढे सर्व असूनही जन्माधिष्ठित सत्तेने त्यांच्या हातून जे करविले ते हे. मग ज्यांच्यापाशी यांपैकी एकही गुण नाही आणि केवळ घराणेच आहे, त्यांच्याविषयी काय बोलावे?